एका छताखाली वेगळ्या चुली

विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण मुलांना एक सवय सुरुवातीपासून लावतो. ‘साहित्य’ या मथळ्याखाली वापरलेली प्रत्येक वस्तू लिहायची, आणि मोजमापाचे उपकरण असेल तर त्याचे लघुतम मापही नोंदवायचे. मुले कधीकधी कुरकुरतात. पण त्यामागचे कारण साधे आहे. उद्या दुसऱ्या कोणी हाच प्रयोग करायचे ठरवले, तर त्याला तो आपण केला तसाच करता आला पाहिजे. उत्तर वेगळे आले तर ते का आले, हेही शोधता आले पाहिजे.

आता हाच प्रयोग संगणकावर केला असेल तर? पावसाच्या नोंदींची सरासरी काढली, आलेख काढला, निष्कर्ष लिहिला. ‘साहित्य’ या मथळ्याखाली काय लिहायचे? बहुतेक वह्यांत एकच शब्द सापडेल : संगणक. हा एक शब्द पुरेसा का नाही, हे कळायला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना बराच काळ लागला. कळल्यावर त्यांनी जो उपाय काढला, त्याला ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट’, म्हणजे आभासी वातावरण, असे भारदस्त नाव मिळाले. नावाने बिचकण्याचे कारण नाही. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेली ती गोष्ट आहे. मात्र तिचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

कोणी हात न लावता झालेला बिघाड

जालन्याहून खामगावकडे जाताना बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे गाव लागते. १९९३ साली तेथे अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आपण ज्या पायथन या संगणकभाषेविषयी बोलणार आहोत, ती तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. आज ती शाळकरी मुलेही शिकतात.

समजा, चिखलीच्या एखाद्या शाळेत चांगला चालणारा संगणक एकच आहे. २०२१ साली एका तुकडीने तालुक्याच्या पावसाच्या दहा वर्षांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांचा आलेख काढणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. तक्ते हाताळण्याचे काम मुलांनी स्वतः केले नाही. त्यासाठी ‘पांडाज’ नावाचे तयार पॅकेज मिळते, ते बसवून घेतले. पॅकेज म्हणजे इतरांनी लिहून, तपासून सर्वांसाठी ठेवलेल्या आज्ञावलींचे गाठोडे. दरवर्षीच्या नोंदी मागच्या तक्त्याला जोडण्यासाठी मुलांनी पांडाजमधील ‘अपेंड’ ही आज्ञा वापरली. प्रोग्रॅम चालला, आलेख भिंतीवर लागला.

२०२३ साली दुसरी तुकडी आली. तिला वेगळा प्रकल्प करायचा होता आणि त्यासाठी पांडाजची ताजी आवृत्ती हवी होती. मुलांनी ती बसवली. त्यांचे काम छान झाले. मग बाईंनी नव्या मुलांना दाखवावा म्हणून जुना पावसाचा प्रोग्रॅम उघडला, तर तो मध्येच थांबला. ‘अपेंड’ अशी आज्ञाच नाही, असे संगणक सांगू लागला.

ही शाळा आणि हे प्रकल्प काल्पनिक आहेत. बिघाड मात्र अगदी खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाजच्या दुसऱ्या प्रमुख आवृत्तीतून ही आज्ञा काढून टाकण्यात आली आणि तेच काम दुसऱ्या आज्ञेने करावे असे ठरले. तशी सूचना आधीपासून दिली जात होती. पण ज्या प्रोग्रॅमचे काम संपले आहे, त्याकडे कोण पाहणार? पावसाचे आकडे तेच, प्रोग्रॅम तोच, संगणकही तोच. जुन्या प्रकल्पाच्या फाइलला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. तरी तो बिघडला.

याचे कारण असे. पायथन आपली पॅकेजेस एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. त्यात एका नावाचे एकच पॅकेज राहू शकते. नवे पांडाज आले की जुने जाते. दोन तुकड्यांना दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील, तर एकीचे काम अडणारच. दोष पहिल्या तुकडीचा नाही, दुसरीचा नाही आणि पांडाज लिहिणाऱ्यांचाही नाही. फडताळ एक आणि वापरणारे अनेक, एवढीच अडचण आहे.

कपाटातल्या कागदी पट्ट्या

गंमत अशी, की संगणकाच्या पहिल्या दिवसांत ही अडचण नव्हती.

इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला. वर्गमूळ काढणे, साइन-कोसाइन काढणे अशी कामे प्रत्येक गणितात लागत. ती प्रत्येकाने नव्याने लिहिण्यात अर्थ नव्हता. म्हणून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी अशा छोट्या आज्ञावलींचा संग्रह केला. १९५१ साली त्यावर त्यांचे पुस्तकही निघाले, तेव्हा या संग्रहात ८०हून अधिक आज्ञावली होत्या. प्रत्येक आज्ञावली भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असे आणि पट्ट्या कपाटात लावून ठेवलेल्या असत. ज्याला हवी त्याने पट्टी काढायची, तिची नक्कल आपल्या प्रोग्रॅमच्या पट्टीवर उमटवून घ्यायची आणि मूळ पट्टी परत ठेवायची. म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमजवळ स्वतःची प्रत असे. उद्या कपाटातली पट्टी कोणी बदलली, तरी आजच्या प्रोग्रॅमला त्याची झळ लागत नसे.

ही पद्धत टिकली नाही, याचे कारण जागेची टंचाई. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक पाहा. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा : ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते. एवढ्याशा स्मृतीत त्याच आज्ञावलीच्या दोन प्रती ठेवणे म्हणजे उधळपट्टी. पुढे एकाच संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा तर एकच प्रत ठेवून सर्वांनी ती वापरणे हाच शहाणपणा ठरला. या सामायिक प्रतीचा आणखी एक फायदा होता. तिच्यात चूक सापडली, तर एका ठिकाणी दुरुस्त केली की सर्वांचे काम सुधारे.

घरोघरी आलेल्या संगणकांनीही हाच मार्ग धरला. १९८५ साली आलेल्या विंडोजमध्ये अशा सामायिक फाइलींना ‘डीएलएल’ म्हणत. १९९०च्या दशकात संगणक वापरणाऱ्यांना त्यांचा ताप चांगलाच आठवत असेल. सीडीवरून एखादा नवा खेळ बसवावा, त्याने आपल्या सोयीची डीएलएल फाइल जुन्या फाइलीच्या जागी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पत्रे लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडू नये. या प्रकाराला इंग्रजी नियतकालिकांनी ‘डीएलएलचा नरक’ असेच नाव दिले होते. शेवटी २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच नावाच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली.

एवढ्या काळात मोजमापच उलटे झाले होते. जागा महाग होती तेव्हा माणसे आपला वेळ खर्चून जागा वाचवत होती. आता जागा मातीमोल झाली आणि माणसाचा वेळ व उत्तराचा भरवसा महाग झाला. त्यामुळे पट्टीची नक्कल करून घेण्याचा जुना रिवाज नव्या रूपात परत येणे साहजिक होते.

सोय आली, पाठोपाठ अडचण आली

पायथनची कथा १९८९च्या नाताळच्या सुट्टीत सुरू होते. ॲम्स्टरडॅममधील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिदो फान रॉसम यांनी सुट्टीतला उद्योग म्हणून ही भाषा लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. नाव अजगरावरून घेतलेले नाही. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ते सुचले.

सुरुवातीला पायथनसाठी दुसऱ्याने लिहिलेले पॅकेज मिळवायचे म्हणजे ते कोठे आहे ते शोधा, उतरवून घ्या, हाताने जागेवर ठेवा, असा व्याप असे. त्यामुळे माणसे मोजकीच पॅकेजेस वापरत. २००३ साली पॅकेजेसची एक सामायिक सूची सुरू झाली. २००४ साली फिलिप एबी यांच्या ‘सेटअपटूल्स’मुळे एका ओळीच्या आज्ञेने पॅकेज, आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेसही, आपोआप येऊ लागली. त्या सूचीत २०२३च्या अखेरीस पाच लाखांहून अधिक प्रकल्प नोंदलेले होते.

आपोआप येण्यातच खोच होती. तुम्ही एक पॅकेज मागवता, ते सोबत दहा आणते, आणि त्या दहांतले एखादे तुमच्या जुन्या पॅकेजाची जागा घेते. पाहुणा एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो, आणि मग घरातल्या भांड्यांची अदलाबदल होते. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे चालवणाऱ्यांना हा त्रास सर्वांत आधी जाणवला.

अमेरिकेतील प्रोग्रॅमर इयन बिकिंग यांनी २००६ साली त्यावर पहिला प्रयत्न केला आणि २००७ साली ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन दिले. त्यांची कल्पना अशी : प्रत्येक प्रकल्पासाठी एक फोल्डर करायचे, त्यात पायथनच्या मूळ प्रोग्रॅमची एक छोटी प्रत ठेवायची आणि तिला असे वाटायला लावायचे, की आपले घर हेच. मग पॅकेजेस ती इथलीच घेणार, नवीही इथेच ठेवणार. पुढच्याच वर्षी, २००८ साली, पॅकेज बसवण्यासाठी त्यांनीच ‘पिप’ हे साधन लिहिले. ही दोन साधने जोडीने वापरात आली आणि दोन्ही आजही वापरात आहेत.

येथे आपल्या घराघरांतली गोष्ट आठवते. एकत्र कुटुंबात दोन भावांची जेवणाची पद्धत जुळेना, की घर मोडत नाहीत. वेगळी चूल मांडतात. विहीर तीच, अंगण तेच, छप्परही तेच. फक्त चूल वेगळी, मसाल्याचा डबा वेगळा. एकाने डब्यातले तिखट बदलले तरी दुसऱ्याच्या भाजीची चव बदलत नाही. आभासी वातावरण म्हणजे पायथनच्या एका छताखाली प्रत्येक प्रकल्पाची वेगळी चूल.

चूल मांडतात कशी?

बिकिंग यांची युक्ती चालत होती. पण ती बाहेरून केलेली होती. पायथनला गाफील ठेवून काम साधायचे, म्हणजे पायथनची नवी आवृत्ती आली की युक्तीही नव्याने जुळवावी लागे. म्हणून २०११ साली कार्ल मेयर यांनी प्रस्ताव मांडला, की ही सोय पायथनमध्येच असावी. पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांत त्याचा क्रमांक ४०५. विनय साजिप यांनी तो प्रत्यक्ष लिहून काढला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत ‘व्हेन्व’ हा भाग सर्वांना मिळाला. २०१४च्या मार्चमधील ३.४ आवृत्तीपासून नव्या चुलीसोबत पिपही आपोआप येऊ लागले.

त्यामागची यंत्रणा आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. व्हेन्व चालवले की एक फोल्डर तयार होते. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, पायथनचा प्रोग्रॅम; बहुधा तो खरा नसतो, मूळ पायथनकडे बोट दाखवणारा दुवा असतो. दुसरी, पॅकेजेस ठेवण्याचे रिकामे फडताळ. तिसरी, दोन-चार ओळींची एक मजकूर-फाइल. तिचे नाव ‘पायव्हेन्व’ आणि आडनाव ‘सीएफजी’. त्या फाइलीत मूळ पायथन कोठे आहे, हे लिहिलेले असते.

पायथन सुरू होताना स्वतः कोठे उभे आहे ते पाहते. शेजारी किंवा एक पायरी वर ही छोटी फाइल दिसली, की ते समजते : आपण वेगळ्या चुलीवर आहोत. मग भाषेचे मूळ साहित्य ते मोठ्या घरातून घेते आणि पॅकेजेस मात्र स्वतःच्या फडताळातून. विहीर सामायिक, डबा वेगळा, हे रूपक येथे तंतोतंत लागू पडते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून मुलांना जरूर दाखवा. ‘आभासी’ या शब्दाभोवतीचे गूढ तेथेच संपते.

अशा एका रिकाम्या चुलीला साधारण दहा ते वीस मेगाबाइट जागा लागते. म्हणजे टिफ्रॅकच्या संपूर्ण स्मृतीच्या हजारपट किंवा त्याहून अधिक जागा आपण निव्वळ वेगळेपणासाठी खर्च करतो, आणि ती खर्च झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तीन भागिले दोन किती?

बिघाड झाला की प्रोग्रॅम थांबतो, हे एका अर्थी बरेच. तो न थांबता वेगळेच उत्तर देऊ लागला तर?

डिसेंबर २००८ मध्ये पायथनची तिसरी पिढी आली. तिच्यात जुन्या चुका मुद्दाम दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या पिढीसाठी लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम तिच्यात चालत नसत. तीन भागिले दोन करायला सांगितले, तर दुसऱ्या पिढीचे पायथन अपूर्णांक सोडून देऊन १ असे उत्तर देई. तिसरी पिढी १.५ देते. तीच ओळ, तेच आकडे, उत्तरे दोन. एखाद्या मोठ्या गणितात अशी ओळ मध्येच कोठेतरी असेल, तर प्रोग्रॅम कुरकुर न करता शेवटपर्यंत चालेल आणि निष्कर्ष मात्र बदललेला असेल.

दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. म्हणजे अकरा वर्षे दोन्ही पिढ्या एका घरात नांदत होत्या. या काळात वेगळ्या चुलीचे महत्त्व जगभर पटले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. व्हेन्व स्वतः पायथनची दुसरी पिढी निर्माण करत नाही. ज्या पायथनने चूल मांडली, त्याचीच आवृत्ती तिच्यात येते. दुसरी हवी असेल तर ती संगणकावर आधी असावी लागते.

खोडदचे आकाश, औंढ्याची प्रतीक्षा

एकाच आकड्यांवर एकाच पद्धतीने काम करून तेच उत्तर यावे, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात किती महत्त्वाचा आहे, हे पाहायचे तर नारायणगावजवळच्या खोडदला जायला हवे. तेथील विराट मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. या तबकड्यांकडून चित्र मिळत नाही, आकड्यांचे डोंगर मिळतात. मोबाइल, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्यातून निपटून काढायचा, मापनातले दोष सुधारायचे आणि मग आकाशाचे चित्र तयार करायचे, हे सगळे काम प्रोग्रॅम करतात.

या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेला आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग पाहिला. ते आकडे पुन्हा नव्या पद्धतीने हाताळून २०१७ साली सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. त्यासाठी हुइब इंटेमा यांनी लिहिलेली आज्ञावली पायथनच्या दुसऱ्या पिढीतली होती. निरीक्षणे आणि सूची यांत पाच वर्षांचे अंतर आहे, हे पाहा. आकड्यांचे आयुष्य आज्ञावलीच्या आयुष्याहून मोठे असते. दुर्बिणीचे जुने आकडे साठवून ठेवतात आणि ठरावीक मुदतीनंतर इतरांना खुले होतात, ते अशाच पुन्हा तपासण्यासाठी.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ जगभर ‘कासा’ नावाची प्रणाली वापरतात. तिच्या पाचव्या पिढीपर्यंत ती पायथनच्या दुसऱ्या पिढीवर चाले आणि स्वतःचे पायथन पोटात घेऊनच येई; म्हणजे चुलीसकट अख्खे घर. सहावी पिढी तिसऱ्या पायथनवर आली आणि तिचे सुटे भाग पिपने बसवता येऊ लागले. ते बसवताना आधी आभासी वातावरण तयार करा, अशीच सूचना तिच्या मार्गदर्शिकेत असते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील रुता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी खोडदच्या आकड्यांपासून चित्र बनवणारी ‘कॅप्चर’ ही आज्ञावली २०२१ साली शोधनिबंधातून मांडली, ती कासावर उभी आहे. तिचीही पुढे कासाच्या सहाव्या पिढीसाठी वेगळी आवृत्ती करावी लागली. चिखलीतल्या पावसाच्या प्रोग्रॅमचे आणि खोडदच्या आकाशाचे दुखणे एकाच जातीचे आहे.

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ लोणारहून फार लांब नाही. तेथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जाहीर केले. गोंगाटात दडलेली अशी लहर ओळखण्यासाठी अपेक्षित लहरींचे साचे आधी तयार करून ते आकड्यांशी पडताळतात. साचे कसे आणि किती निवडावेत, यावर बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी पुण्याच्या आयुकातून १९९१ सालीच महत्त्वाचे काम केले होते. पायथन खुले झाले तेच हे वर्ष.

पहिल्या लहरीचा शोध जाहीर करताना वैज्ञानिकांनी मोजमापांचे आकडे आणि ते वाचणारे पायथन प्रोग्रॅम, दोन्ही सर्वांना खुले केले. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे न म्हणता ‘तुम्हीच करून पाहा’ असे म्हणण्याची ही रीत आहे. पण करून पाहणाऱ्याकडे पॅकेजेसच निराळी असली, तर हे आमंत्रण फोल ठरते. म्हणून गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय समूह आपल्या सभासदांसाठी तयार, नाव दिलेली आभासी वातावरणे ठेवतो. कोणत्या संस्थेतला माणूस कोणत्या यंत्रावर काम करतो हे वेगळे असले, तरी फडताळात तीच पॅकेजेस त्याच आवृत्तीत असतात. त्यासाठी ते २०१२ साली आलेले ‘कोंडा’ हे साधन वापरतात. ते पायथनची वेगळी आवृत्तीसुद्धा सोबत आणू शकते.

शाळेत करून पाहताना

शाळेच्या संगणकावर हे करणे अवघड नाही. प्रकल्पाचे एक फोल्डर करा. त्यात जाऊन पायथनला ‘व्हेन्व’ हा भाग चालवायला सांगा आणि चुलीला एखादे नाव द्या. उबुंटूसारख्या प्रणालीत हा भाग आधी स्वतंत्रपणे बसवून घ्यावा लागतो. मग ‘ॲक्टिव्हेट’ ही आज्ञा दिली, की कामाच्या खिडकीत ओळीच्या सुरुवातीला कंसात चुलीचे नाव दिसू लागते. त्यानंतर पिपने जे बसवाल ते त्या फोल्डरमध्येच राहील. काम झाले की ‘डीॲक्टिव्हेट’.

जुन्या टिपणांवरून शिकवणाऱ्यांना आता एक नवा अडथळा भेटेल. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून लिनक्सच्या काही प्रणाली पिपला सामायिक फडताळात हात घालूच देत नाहीत. ‘हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाचा संदेश येतो. तो बिघाड नाही. त्या प्रणालीची स्वतःची काही साधने पायथनमध्येच लिहिलेली असतात. मुलांच्या प्रकल्पाने त्यांचे पॅकेज बदलले, तर संगणकच अडू शकतो. त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की वेगळी चूल मांडा.

चुलीचे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये. त्यात मूळ जागेचे पत्ते लिहिलेले असतात, ते तेथे चुकतात. न्यायची ती यादी. पिपला ‘फ्रीझ’ असे सांगितले, की बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव आणि नेमकी आवृत्ती यांची यादी मिळते. ती एका मजकूर-फाइलीत ठेवायची. दुसऱ्या संगणकावर नवी चूल मांडून पिपच्या हाती ती यादी दिली, की तीच पॅकेजेस तेथे येतात. शिजलेले भांडे डोक्यावरून न्यायचे नाही, पाककृती न्यायची. इंटरनेट मंद असेल, तर जेथे ते चांगले आहे तेथे पॅकेजेस पिपने नुसती उतरवून पेनड्राइव्हवर आणता येतात आणि शाळेत त्यावरून बसवता येतात. मात्र दोन्हीकडची प्रणाली आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी.

वर्गासाठी एक छोटा प्रयोग. दोन चुली मांडा. एकीत पांडाजची १.३ आवृत्ती, दुसरीत २.०. ‘अपेंड’ वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम दोन्हींत चालवा. एकीत चालेल, दुसरीत अडेल. १.३ ही आवृत्ती अगदी ताज्या पायथनवर सहजी बसत नाही. जवळ २०२१च्या सुमाराचे पायथन असावे. ही अडचणसुद्धा मुलांना दाखवण्यासारखीच आहे.

चूल म्हणजे तटबंदी नव्हे

या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वेगळी चूल म्हणजे कुलूपबंद खोली नव्हे. तिच्यात चालणारा प्रोग्रॅम तुमच्या इतर फाइली वाचू शकतो, पुसूही शकतो. सूचीतले एखादे पॅकेज वाईट हेतूने ठेवलेले असेल, तर आभासी वातावरण त्यापासून वाचवत नाही. शिवाय सामायिक प्रतीचा जुना फायदा येथे गमावतो. एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेची चूक सापडली, तर ती दहा चुलींत दहा वेळा दुरुस्त करावी लागते. जुनी चूल जपणे हे जुनी चूक जपणेही ठरू शकते. म्हणून पावसाचा प्रोग्रॅम २०२१च्या यादीवर चालवून तेव्हाचे उत्तर तपासावे. आणि रोजच्या कामासाठी तो नव्या आज्ञेने लिहून घ्यावा. दोन्हींची उत्तरे जुळली, तर तो निष्कर्ष अधिक भरवशाचा झाला.

एडसॅकच्या कपाटातून पट्टी काढून तिची नक्कल करून घेणारा विद्यार्थी आणि आज व्हेन्व चालवणारा विद्यार्थी यांच्यात सत्तरहून अधिक वर्षे आहेत. दोघांनाही आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या बदलामुळे बिघडू द्यायचा नाही. पहिल्याला ते आपोआप साधत होते. दुसऱ्याला ते मुद्दाम करावे लागते, आणि त्याची नोंदही ठेवावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी संगणकावरचा प्रकल्प वहीत उतरवताना ‘साहित्य’ या मथळ्याखाली मुलांना पायथनची आवृत्ती आणि पॅकेजेसची यादी लिहायला सांगा. व्हर्निअर कॅलिपरच्या लघुतम मापाशेजारी ती अजिबात विजोड दिसणार नाही.